टीव्हीवर दिसलेलं कॉलेज

१ सप्टेंबर २००७. मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर गाव, एक लाख नऊ हजारांहून जास्त माणसांनी खचाखच भरलेलं स्टेडियम आणि समोर ॲपलॅचियन स्टेट नावाच्या कॉलेजची पाहुणी फुटबॉल टीम. ही टीम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या बून गावची. मिशिगन विद्यापीठाची टीम तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर, तर पाहुणे एक पायरी खालच्या विभागात खेळणारे. मिशिगनने त्यांना चार लाख डॉलर मोजून बोलावलं होतं. अशा सामन्यांची अमेरिकेत रीतच आहे: मोठ्या कॉलेजने घरच्या मैदानावर एक सोपा विजय विकत घ्यायचा आणि छोट्याने मार खाऊन चेक घेऊन घरी जायचं.

त्या दिवशी छोट्याने चेक नेला आणि सामनाही नेला. अगदी शेवटी मिशिगनची किक अडवली गेली आणि स्कोअर राहिला ३४-३२.

आता यातली गंमत बघा. हा सामना दाखवत होतं बिग टेन नेटवर्क नावाचं चॅनल, जे सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. बऱ्याच मोठ्या केबल कंपन्यांनी ते घेतलेलंच नव्हतं. म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला धक्का लाखो घरांत लाइव्ह दिसलाच नाही. तरी दुसऱ्या दिवशी बूनचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

टीव्हीवर दिसल्याने कॉलेजचं नेमकं काय होतं, हा प्रश्न तिथे ऐंशी वर्षं चघळला जातोय. उत्तर सरळ वाटतं: दिसलं की नाव होतं, नाव झालं की चांगली पोरं येतात, चांगली पोरं आली की टीम जिंकते. मला यातली पहिली पायरी पटते. पुढच्या दोन पायऱ्या मात्र वाटतात तितक्या पक्क्या नाहीत.

आधी आपल्यासाठी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी खेळ. आपल्याकडे क्रिकेटपटू क्लबातून, वयोगटाच्या संघांतून आणि रणजीतून वर येतो. कॉलेजची टीम ही त्यातली फारशी महत्त्वाची पायरी नसते. तिथे उलटं आहे. व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ती खेळाडूला घेत नाही. मधल्या काळात खेळायला कॉलेजशिवाय जागा नाही. त्यामुळे कॉलेजांचे प्रशिक्षक सोळा-सतरा वर्षांच्या शाळकरी पोरांच्या घरी जाऊन बसतात, आईच्या हातचं जेवतात, स्कॉलरशिपची ऑफर देतात. याला रिक्रूटिंग म्हणतात. पोरांना एक ते पाच तारे देणाऱ्या वेबसाइट आहेत. पाच तारेवाल्या पोराने कुठल्या कॉलेजची टोपी घातली, ही तिथे राष्ट्रीय बातमी असते. जवळपास प्रत्येक कॉलेज कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्सचं सदस्य असतं. कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. टीव्हीचे करार आज मुख्यतः हे गटच करतात.

सुरुवातीला मात्र टीव्ही नकोच होता. पहिला कॉलेज सामना टीव्हीवर दिसला ३० सप्टेंबर १९३९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये, फोर्डहॅम विरुद्ध वेन्सबर्ग. तेव्हा टीव्ही संच होतेच किती! पण युद्धानंतर घरोघरी टीव्ही आले आणि कॉलेजांना धडकी भरली. फुकटात घरी बसून दिसत असेल तर तिकीट कोण काढणार? छोट्या कॉलेजांची भीती वेगळी होती. टीव्हीवर मोठी टीम दिसत असेल तर गावातल्या छोट्या टीमकडे फिरकणार कोण? टीव्हीमुळे गर्दी घटते असा अहवालही आला. कॉलेज खेळांची शिखर संघटना एनसीएए हिने १९५१ मध्ये प्रक्षेपणावर बंधनं घातली. फिलाडेल्फियाचं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आपले घरचे सामने आधीपासून दाखवत होतं, त्याने बंड केलं. एनसीएएने त्याला नियम मोडणारा सदस्य ठरवलं, प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्याशी खेळायला नकार दिला आणि बंड तिथेच मोडलं. पुढची तीसेक वर्षं एनसीएएने टीव्हीचं रेशनिंग केलं. कुठली टीम किती वेळा दिसणार याला मर्यादा होती आणि पैशाची वाटणीही ठरलेली होती.

हे रेशनिंग किती अजब होतं ते १९८१ मध्ये दिसलं. त्या वर्षीच्या एका शनिवारी ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया, दोन्ही देशातल्या पहिल्या पाचांतल्या टीम, एकमेकींशी खेळल्या. एबीसी या टीव्ही कंपनीने तो सामना दोनशेहून जास्त स्टेशनांवर दाखवला. त्याच दिवशी आणखी एक सामना फक्त चार स्टेशनांवर दाखवला गेला. त्यात एका बाजूला द सिटाडेल होतं आणि दुसऱ्या बाजूला, ओळखा पाहू, ॲपलॅचियन स्टेट. चारही टीमना पैसे अगदी सारखे मिळाले.

ओक्लाहोमाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मनात जुनी अढीही असावी, असं मला वाटतं. एनसीएए नियमभंगाची शिक्षा म्हणून टीव्हीबंदी घालायची आणि १९७४ मध्ये ओक्लाहोमा त्या बंदीखाली होती. त्या हंगामात टीम एकही सामना हरली नाही, एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत राष्ट्रीय विजेती ठरली आणि टीव्हीवर मात्र दिसली नाही. ऑबर्नचंही १९९३ मध्ये असंच झालं: अकरापैकी अकरा सामने जिंकले, टीव्हीवर शून्य. अलाबामाशी असलेला त्यांचा परंपरागत सामना तर अलाबामाच्या लोकांनी आपल्या स्टेडियममध्ये बसून क्लोज्ड सर्किटवर पाहिला. टीव्ही काढून घेणं ही शिक्षा ठरू शकते, यावरून त्याची किंमत कळते. पण टीव्ही नसताना अपराजित राहता येतं, हेही याच दोन उदाहरणांतून दिसतं.

तर ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले. २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: एनसीएएची ही योजना म्हणजे मक्तेदारी आहे आणि कायद्यात बसत नाही. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. तारुण्यात ते स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते; १९३७ मध्ये सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीत दुसरे आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की हा फक्त बाजाराचा प्रश्न नाही, हे विद्यार्थी आहेत आणि रेशनिंग सैल केलं की पैशाची चढाओढ सुरू होईल. माणूस आतला होता. त्याला ठाऊक होतं.

गंमत म्हणजे निकालानंतर लगेच कोणी गबर झालं नाही. सगळेच सामने बाजारात आले आणि भाव पडले. अवकाळी आवक झाली की कांद्याचं होतं तसंच. भाव वर यायला काही वर्षं गेली आणि ते आले ते गटांनी एकत्र सौदा करायला सुरुवात केल्यावर.

त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरला, आणखी एक गोष्ट घडली. बॉस्टन कॉलेजचा डग फ्लूटी हा जेमतेम पावणेसहा फुटांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू. मायामीविरुद्ध शेवटच्या सेकंदाला त्याने लांबच लांब चेंडू फेकला, तो झेलला गेला आणि बॉस्टन ४७-४५ जिंकलं. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस होता. सुटीत घरी बसलेला देश हे टीव्हीवर बघत होता. पुढच्या दोन वर्षांत बॉस्टन कॉलेजकडे येणारे प्रवेश अर्ज तीस टक्क्यांच्या आसपास वाढले आणि ‘फ्लूटी परिणाम’ असा शब्दच रूढ झाला. तेव्हापासून अमेरिकेतल्या प्रत्येक कुलगुरूला फुटबॉलवर खर्च करायचा असला की फ्लूटी आठवतो.

यात एक गोम आहे. बॉस्टन कॉलेजच्या अर्जांची चढण सत्तरच्या दशकापासूनच सुरू होती. कॉलेज नवी वसतिगृहं बांधत होतं, आसपासच्या राज्यांबाहेर प्रचार करत होतं. फ्लूटीने आधीच चढत्या गाडीला धक्का दिला, गाडी त्याने सुरू केली नव्हती. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या डग चुंग यांनी २०१३ मध्ये हा हिशोब मोठ्या प्रमाणावर केला. सामान्य दर्जाची टीम उत्तम दर्जाला पोहोचली तर अर्ज सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे परिणाम खरा आहे. पण तो जिंकण्याचा आहे, आणि टीव्हीने तो दूरवर पोचवला.

अलाबामाचंच घ्या. निक सेबन २००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले, विजेतेपदांची रांग लागली आणि दहाएक वर्षांत विद्यार्थीसंख्या सुमारे पंचवीस हजारांवरून अडतीस हजारांच्या आसपास गेली. निम्म्याहून जास्त विद्यार्थी आता दुसऱ्या राज्यांतले. पण त्याच काळात विद्यापीठाने परराज्यांतल्या हुशार मुलांना सढळ हाताने स्कॉलरशिप दिल्या, देशभर आपली माणसं नेमली. शनिवारी टीव्हीवर दिसलेलं कॉलेज सोमवारी पत्र पाठवतं, तेव्हा पाकीट न उघडता टाकलं जात नाही. टीव्हीचा उपयोग एवढाच, पण तो कमी नाही. (मराठी घरांत या परिणामाची चिंता नको. एमएसचा अर्ज भरताना आपली मुलं रँकिंग, फी आणि नोकरीची शक्यता बघतात. फुटबॉलची ओळख होते ती तिथे पोचल्यावर, शनिवारी सकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही तेव्हा.)

अर्ज करणारा विद्यार्थी आणि खेळाडू यांत मात्र मोठा फरक आहे, आणि बहुतेक चर्चा इथेच घसरते. विद्यार्थ्याने टीव्ही बघून अर्ज केला तर त्याचा खर्च एका फॉर्मचा. पाच तारेवाल्या पोराकडे तीसचाळीस ऑफर असतात आणि ती सगळीच कॉलेजं टीव्हीवर दिसतात. मग टीव्हीने त्याचं मन कसं वळणार?

पूर्वी वळायचं. रेशनिंगच्या काळात टीव्हीवर दिसणं दुर्मिळ होतं, त्यामुळे ‘आमच्याकडे आलास तर देश तुला बघेल’ हे वाक्य सोन्याचं होतं. एनएफएलच्या निरीक्षकांच्या नजरेत यायलाही त्याची मदत व्हायची. त्याहून प्रभावी वाक्य असायचं आईसाठी: मुलगा हजार मैलांवर असला तरी दर शनिवारी तुम्हाला घरबसल्या दिसेल. नोत्र डेमने तर हे वाक्य पक्कं बांधूनच घेतलं. १९९० मध्ये त्यांनी बाकी कॉलेजांची सामूहिक बोलणी सोडून एनबीसीशी एकट्याने करार केला आणि १९९१ पासून त्यांचा घरचा प्रत्येक सामना देशभर दिसू लागला. दुसऱ्या कोणत्याही कॉलेजकडे असं काही नव्हतं.

आणि निकाल? नोत्र डेमचं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९८८ चं, म्हणजे या कराराच्या आधीचं. त्यानंतर एकही नाही. २०२४ च्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि ओहायो स्टेटकडून हरले. टीव्हीने विजेते घडत असते तर नोत्र डेमच्या साऊथ बेंड गावात करंडक ठेवायला कपाट पुरलं नसतं. तरी कराराने एक मोठं काम केलं: कुठल्याही गटात न जाता स्वतंत्र राहण्याची ऐपत नोत्र डेमला मिळाली. पैसा आणि स्वातंत्र्य मिळालं, पोरं आपोआप मिळाली नाहीत.

का, याची कारणं साधी आहेत. पहिलं म्हणजे अंतर. खेळाडू कॉलेज कसं निवडतात यावर झालेल्या अभ्यासांत घरापासूनचं अंतर पुन्हा पुन्हा वर येतं. चांगली पोरं टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया इथे जास्त पिकतात आणि शक्यतो तिथल्याच आसपास राहतात. दुसरं, जागाच मोजक्या. १९७३ मध्ये स्कॉलरशिपवर पहिल्यांदा मर्यादा आली, ती उतरत नव्वदच्या दशकात ८५ वर थांबली आणि बरीच वर्षं तशीच राहिली. त्याआधी मोठी कॉलेजं नुसती प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणूनही पोरं साठवून ठेवायची. मर्यादा आल्यावर उरलेली गुणी पोरं इतर कॉलेजांकडे वळली. टीव्हीने त्या कॉलेजांना हात दिला हे खरं, पण दार उघडलं ते ८५ च्या आकड्याने.

टीव्ही थेट रिक्रूटिंगमध्ये हात घालायला गेला तेव्हा काय झालं, तो किस्सा टेक्सासचा. २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठाने ईएसपीएन या खेळांच्या वाहिनीबरोबर स्वतःचंच चॅनल काढलं, लाँगहॉर्न नेटवर्क. करार वीस वर्षांचा, तीस कोटी डॉलरचा. एकाच कॉलेजचं चोवीस तास चॅनल. त्यावर शाळकरी मुलांचे सामनेही दाखवायचा बेत होता. आता विचार करा. गावातल्या सतरा वर्षांच्या पोराला, ज्याला सगळी कॉलेजं मागे लागलीत, त्याला एक कॉलेज स्वतःच्या चॅनलवर झळकवणार. बाकीच्यांनी काय करायचं? शेजारचं टेक्सास ए अँड एम भडकलं. एनसीएएने ऑगस्टमध्ये कॉलेजांच्या आणि गटांच्या चॅनलवर शाळांचे सामने दाखवायला बंदी केली, पण तोवर मनं फाटली होती. टेक्सास ए अँड एमने शंभर वर्षांचं भांडकुदळ शेजारपण मोडलं आणि २०१२ मध्ये ते आग्नेय राज्यांच्या एसईसी गटात गेलं. पहिल्याच हंगामात जॉनी मँझेल या नवख्या क्वार्टरबॅकने टस्कलूसात जाऊन अलाबामाला २९-२४ हरवलं, तेही सीबीएसवर, आणि पहिल्याच वर्षी हाइझमन जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला. ज्या चॅनलने शेजाऱ्याला हैराण करायचं होतं, त्याने शेजाऱ्याला जास्त मोठ्या पडद्यावर नेऊन बसवलं. २०२४ मध्ये टेक्सासही एसईसीत गेलं आणि लाँगहॉर्न नेटवर्क आटोपलं.

हा ‘मोठा पडदा’ हीच आजची खरी गोष्ट आहे. आता प्रत्येक सामना कुठे ना कुठे दिसतो, फोनवर तरी दिसतोच. त्यामुळे ‘आम्ही टीव्हीवर दिसतो’ हे कौतुक संपलं. प्रश्न राहिला कुठल्या चॅनलवर, किती वाजता आणि कोणाशी.

वेळेचं उदाहरण पश्चिम किनाऱ्याचं. पॅक-१२ गटाचे अनेक सामने न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्री साडेदहाला सुरू व्हायचे. निम्मा देश झोपलेला. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकाफ्रीने एका हंगामात सगळं मिळून ३८६४ यार्ड पुढे जाण्याचा विक्रम केला, बॅरी सँडर्सचा जुना विक्रम मोडला आणि हाइझमन मिळाली अलाबामाच्या डेरिक हेन्रीला. पूर्वेकडच्या मतदारांनी मॅकाफ्रीला जागं राहून पाहिलंच नाही, असं पश्चिमेकडे आजही म्हटलं जातं. गटाने २०१२ मध्ये काढलेलं स्वतःचं चॅनल डायरेक्टटीव्ही या मोठ्या सेवेवर कधी पोचलंच नाही. दरम्यान दक्षिण कॅलिफोर्नियातले तीन गाजलेले क्वार्टरबॅक, ब्राइस यंग, डी. जे. उइयागालेलेइ आणि सी. जे. स्ट्राउड, २०२० च्या एकाच तुकडीत अलाबामा, क्लेमसन आणि ओहायो स्टेटला निघून गेले. याला फक्त टीव्ही जबाबदार नाही. सदर्न कॅलिफोर्नियाची टीम तेव्हा स्वतःच चाचपडत होती. पण न दिसणाऱ्या गटात राहून घरचा मुलगा धरून ठेवणं अवघड होतं, एवढं नक्की. २०२२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए यांनी बिग टेन गटात जायचं जाहीर केलं, २०२३ च्या उन्हाळ्यात बाकीचे पांगले आणि शतकाहून जुन्या गटात उरली दोन कॉलेजं.

उलट बाजूही आहे. फॉक्सने आपला सगळ्यात मोठा सामना दुपारी बाराला ठेवायला सुरुवात केली, कारण तेव्हा स्पर्धा कमी. (भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे आपली सोय.) रिक्रूटिंग करणारे प्रशिक्षक मात्र वैतागले. शाळांचे सामने शुक्रवारी रात्री असतात. रात्री उशिरा खेळून, दमून घरी आलेला पोरगा दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत पाचशे मैलांवरच्या कॉलेजात पोचणार कसा? रात्रीच्या दिव्यांत लाख माणसांचा गजर ऐकून पोरांचं मन ठरतं. टीव्हीला जी वेळ सोयीची, ती भेटीला गैरसोयीची. लाखो प्रेक्षक मिळवायचे की मैदानात उभे असलेले वीस पोरगे, अशी निवड करायची झाली तर बरेच प्रशिक्षक वीस पोरगे मागतील. पण त्यांना विचारतंय कोण? पैसे टीव्ही देतो.

आणि पैसे म्हणजे किती? बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरहून मोठा करार केला. एसईसीने २०२३-२४ मध्ये प्रत्येक कॉलेजला सरासरी सव्वापाच कोटी डॉलर वाटले. टीव्ही रिक्रूटला खेचतो तो या रस्त्याने. पैशातून प्रशिक्षक येतो (जॉर्जियाच्या कर्बी स्मार्टना वर्षाला एक कोटी तीस लाख डॉलर मिळतात), व्यायामशाळा येते, आहारतज्ज्ञ येतात, पोरांचे व्हिडिओ बघत बसणारी माणसं येतात. आणि जुलै २०२५ पासून हा पैसा थेट खेळाडूंच्या खिशातही जातो: एका कोर्ट तडजोडीनंतर प्रत्येक कॉलेज पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटू शकतं. पूर्वी प्रशिक्षक टीव्हीचं आश्वासन द्यायचा, आता टीव्हीतून आलेला चेक देतो.

या पंगतीत बसायला लोक काय काय करतात याचा नमुना म्हणजे डॅलसचं एसएमयू हे विद्यापीठ. एसीसी गटात घ्या, आम्ही नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मागणार नाही, असं म्हणून ते २०२४ मध्ये आत गेले. हा प्रवेश जाहीर झाल्यावर आठवडाभरात त्यांच्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी दहा कोटी डॉलर जमवले. पहिल्याच वर्षी टीम बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पोचली. पंगतीत जागा मिळावी म्हणून स्वतःचं ताट घरून आणलं, असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे असे माजी विद्यार्थी नाहीत, ते मंगळवारी खेळतात. ओहायो, मिशिगन, इलिनॉय परिसरातल्या कॉलेजांचा मॅक गट नोव्हेंबरमध्ये शनिवार सोडून मंगळवारी आणि बुधवारी रात्री मैदानात उतरतो. बोचरी थंडी, रिकाम्या खुर्च्या, दुसऱ्या दिवशी वर्ग. पण त्या रात्री ईएसपीएनवर दुसरा कॉलेज सामना नसतो. लुइव्हिलने हाच मार्ग आधी चोखाळला होता: कधीही सांगा, कुठल्याही वारी खेळू. ते पायरी पायरीने वर चढले आणि २०१४ मध्ये एसीसीत पोचले. मॅकची कॉलेजं मात्र आहेत तिथेच आहेत. एकच युक्ती, फळं दोन. लुइव्हिलला मोठं शहर पाठीशी होतं, मॅकच्या गावांना नाही.

कोलोराडोचंही बघा. २०२२ मध्ये बारापैकी एकच सामना जिंकलेली टीम. डीऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले आणि चॅनलांनी तंबू ठोकले. कोलोराडो स्टेटविरुद्धचा सामना पूर्वेकडे मध्यरात्र उलटून दोन वाजले तरी चालला होता आणि तो सरासरी ९३ लाख लोकांनी पाहिला. हंगाम संपला ४-८ वर. शाळकरी पोरांची मोठी फौज आली नाही. सँडर्सनी टीम बांधली ती मुख्यतः इतर कॉलेजांतून आलेल्या खेळाडूंवर, आणि पुढच्या वर्षी ती ९-४ झाली.

इतर कॉलेजांतून आलेले, हा मुद्दा इथे कळीचा. २०२१ पासून खेळाडूला एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळता येतं. त्यामुळे छोट्या कॉलेजासाठी टीव्ही हा दुकानाचा दर्शनी भाग झालाय. गिऱ्हाईक बघतं आणि माल उचलतं. कॅम वॉर्ड हा टेक्सासमधल्या एका छोट्या गावचा क्वार्टरबॅक. त्याच्या शाळेची टीम पास फारसे फेकतच नसे, त्यामुळे त्याला एकही तारा मिळाला नाही. ऑफर आली ती फक्त इनकार्नेट वर्ड नावाच्या छोट्या विद्यापीठाची. तिथून तो वॉशिंग्टन स्टेटला गेला, तिथून मायामीला, आणि २०२५ च्या एनएफएल निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला. टीव्हीने त्याला शोधलं नाही. एकदा कोणीतरी शोधल्यावर मात्र टीव्हीने त्याला वर उचलायला मोठ्यांना मदत केली.

बूनमध्येही तेच झालं. मिशिगनच्या धक्क्यानंतर ॲपलॅचियन स्टेट २०१४ मध्ये वरच्या विभागात आलं. चांगलं खेळू लागलं तसे त्यांचे प्रशिक्षक जाऊ लागले: २०१८ नंतर स्कॉट सॅटरफील्ड लुइव्हिलला, लगेच पुढच्या वर्षी एलाय ड्रिंकविट्झ मिझुरीला. पुढे त्यांचा क्वार्टरबॅक जोई अगिलारही मोठ्या कॉलेजकडे निघाला.

सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र बूनच्या वाट्याला पुन्हा एक महिना आला. आधी नॉर्थ कॅरोलायनाशी ६३-६१ असा अटीतटीचा पराभव. मग टेक्सास ए अँड एमच्या घरी जाऊन १७-१४ विजय. यजमानांनी बोलावण्याचे पंधरा लाख डॉलर दिले होते. पुढच्या शनिवारी ईएसपीएनचा गेमडे हा सकाळचा लाडका कार्यक्रम थेट बूनच्या डोंगरात येऊन बसला आणि त्याच दुपारी ट्रॉयविरुद्ध शेवटच्या चेंडूवर हवेत फेकलेला पास झेलून टीम ३२-२८ जिंकली. चार स्टेशनांवर दिसलेल्या कॉलेजसाठी एवढा टीव्ही एका महिन्यात कधीच नव्हता.

तो हंगाम संपला सहा विजय आणि सहा पराभवांवर. सहापैकी दोन विजय खालच्या विभागातल्या टीमविरुद्ध होते आणि त्यातला एकच धरला जातो, त्यामुळे वर्षअखेरच्या बाऊल सामन्यासाठी लागणारी सहाची गिनती भरली नाही. डिसेंबरमध्ये ॲपलॅचियन स्टेटची टीम घरीच होती.